सुई टोचल्यानंतरचे दोन तास

वाचकांचे प्रश्न : आरोग्य कर्मचाऱ्यांचे आरोग्य

दवाखान्यात काम करणाऱ्यांना कामातूनच होणारे संसर्ग आणि ते रोखण्यासाठी मोबाइल व संगणकाचा होणारा उपयोग, या विषयावर मागील अंकात लिहिले होते. त्यावर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या रुग्णालयांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी विट्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. तीन आठवड्यांपूर्वी रात्रपाळीत एका रुग्णाचे रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण बसवताना ती माझ्या तर्जनीत घुसली. रुग्णाला पहाटेच दुसरीकडे हलवले, त्यामुळे त्याच्या तपासण्या झाल्या होत्या की नाही, हे मला ठाऊक नाही. सांगितले तर ‘तुमचेच लक्ष नव्हते’ असे ऐकून घ्यावे लागते, म्हणून मी कोणाजवळ बोलले नाही. आता आमच्याकडे अशा घटना मोबाइलवरून नोंदवण्याची सोय होणार आहे, असे कळते. त्यात नोंद करून माझ्या पदरात काय पडणार?

उत्तर : सिस्टर, आधी तुमच्याविषयी बोलू, मोबाइलविषयी नंतर. एचआयव्हीपासून बचावासाठी जी औषधे घ्यावी लागतात, ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती मुदत आता उलटून गेली आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण म्हणून आता काहीच करण्यासारखे उरले नाही, असे मुळीच समजू नका. रुग्णाला एचआयव्हीची लागण असली, तरी एका सुईच्या टोचण्यातून तो विषाणू जाण्याचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन इतका असतो. खरी काळजी हिपॅटायटिस बी या काविळीची करायला हवी, कारण लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाच्या सुईतून ती होण्याचा धोका ६ ते ३० टक्के इतका मोठा आहे. तुमच्या लशीच्या तिन्ही मात्रा झालेल्या नसतील, तर पहिली मात्रा या आठवड्यातच घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी या तिन्ही तपासण्या आता एकदा करून घ्या आणि तुमच्या भागातील समुपदेशन व चाचणी केंद्राच्या सल्ल्याने घटनेपासून तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी पुन्हा करा. सरकारी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि तिचा निकाल गुप्त ठेवला जातो. कोणाशी बोलायचे हे सुचत नसेल, तर १०९७ या मोफत क्रमांकावर दूरध्वनी करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मिरजेत मी ज्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करत होतो, तेथील एक रात्र माझ्या मनातून जात नाही. पहाटे दोनच्या सुमारास शिकाऊ परिचारिकेने सलाइन काढले, रुग्णाने हात झटकला आणि सुई तिच्या हातमोज्यातून आरपार गेली. तिने जखमेवर पाणी धरले आणि ती घटनांचे रजिस्टर शोधू लागली. रजिस्टर मेट्रनबाईंच्या कपाटात होते, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली बाईंबरोबर घरी गेली होती. ‘नोंद झाल्याशिवाय औषध मिळत नाही’ असे कोणीतरी तिला सांगितले, म्हणून ती मुलगी सकाळी नऊपर्यंत नर्सेस रूममधल्या लोखंडी खाटेवर बसून राहिली. मी कामावर पोहोचलो तेव्हा तिच्या बोटावर साधी चिकटपट्टी होती आणि मोजाही तिने हातात तसाच घट्ट धरून ठेवला होता. रुग्णाचा अहवाल सुदैवाने निर्दोष निघाला. ते सात तास मात्र तिला कोणी परत देऊ शकत नव्हते आणि ते गेले होते केवळ एका किल्लीपायी.

मोबाइलवरची नोंद ही किल्ली काढून टाकते. पहाटे दोन वाजता तुम्ही चार ओळी भरता, त्याच क्षणी ड्युटीवरच्या डॉक्टरांना आणि संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टरना निरोप जातो, आणि कोणीतरी तुम्हाला फोन करून विचारते की जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुतली का, ती पिळली किंवा तोंडात तर घातली नाही ना, लस झालेली आहे का. औषधाची पहिली गोळी रुग्णाच्या अहवालाची वाट न पाहता द्यायची असते. आपल्याकडे सध्या टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तीन औषधांची मिळून एक गोळी रोज याप्रमाणे २८ दिवस देतात, आणि रुग्णाचा अहवाल निर्दोष आला तर डॉक्टर ती थांबवतात. तुम्ही लस घेतलेली नसेल आणि रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांचे) इंजेक्शनही द्यावे लागते आणि तेही शक्यतो २४ तासांच्या आत. ही सगळी धावपळ घड्याळाशी आहे, म्हणून तुमच्या पदरात पडणारी पहिली गोष्ट वेळ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पुरावा. दुखापतीच्या दिवशी रक्त निर्दोष होते आणि पुढे त्यात दोष आला, हे तारखेसह नोंदलेले असेल, तरच तो आजार कामातून झाला असे तुम्हाला ठामपणे म्हणता येते. रुग्णसेवेत व प्रयोगशाळेत लागणारे संसर्ग आपल्या नुकसानभरपाईच्या कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत धरलेले आहेत. म्हणून तीन आठवडे उलटले असले, तरी ही घटना खऱ्या तारखेसह आजच लेखी नोंदवा आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.

‘तुमचेच लक्ष नव्हते’ या वाक्याविषयीही लिहिले पाहिजे. वापरलेल्या सुईला टोपण परत बसवायचे नसते, हे तुम्हालाही शिकवलेले असणार. तरी तुम्ही ते बसवत होता, याचा अर्थ सुया टाकायचा पांढरा डबा किंवा निडल कटर तुमच्या हाताशी नव्हता. तो खाटेजवळ का नव्हता, हा प्रश्न रुग्णालयाने स्वतःला विचारायचा आहे.

प्रश्न : कराडजवळ आमचे २५ खाटांचे रुग्णालय आहे. कर्मचाऱ्यांच्या दुखापतींची आणि लसीकरणाची नोंद ऑनलाइन ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? दोन कंपन्यांचे लोक येऊन गेले. दोघांनी सांगितलेल्या किमती आम्हाला परवडणाऱ्या नाहीत.

उत्तर : डॉक्टरसाहेब, विकत काही घेऊ नका, निदान पहिले वर्षभर तरी. २५ खाटांना एक साधा गूगल फॉर्म आणि त्यामागचा तक्ता पुरेसा आहे. फॉर्मचा क्यूआर कोड छापून, प्लॅस्टिकचे आवरण घालून प्रत्येक ड्रेसिंग ट्रॉलीवर, प्रयोगशाळेत, शस्त्रक्रियागृहात आणि कचरा साठवण्याच्या खोलीच्या दारावर चिकटवा. फॉर्म दोन मिनिटांत भरून व्हायला हवा, म्हणून त्यात मोजकेच विचारा : कधी, कुठे, कोणत्या साधनाने, काय करत असताना, हातमोजे होते का, रुग्ण माहीत आहे का, आणि स्वतःची हिपॅटायटिस बी ची लस पूर्ण आहे का. ‘घटनेचे कारण : निष्काळजीपणा’ असा रकाना अनेक छापील नमुन्यांत मी पाहिला आहे. तो ठेवलात, तर फॉर्म कोणीही भरणार नाही.

फॉर्म सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मात्र पक्की ठरवा. नोंद झाल्यापासून १५ मिनिटांत त्या कर्मचाऱ्याला फोन कोण करणार, आणि त्या व्यक्तीच्या रजेच्या दिवशी कोण करणार? ही दोन माणसे आणि अपघात कक्षात ठेवलेल्या एचआयव्हीपासून बचावाच्या औषधाच्या पहिल्या काही गोळ्या यांची सोय होत नाही तोवर क्यूआर कोड लावू नका. एकदा नोंद केली आणि कोणी विचारपूस केली नाही, असा अनुभव आला की पुढची सुई टोचली तरी माणूस गप्प बसतो, आणि त्याला पुन्हा बोलते करणे फार कठीण जाते.

नोंदी साठल्या की त्या वाचायच्या कशा, याचे एक उदाहरण देतो, कारण या कामाचा खरा कस तेथेच लागतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जॅनीन जॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुया टोचण्याच्या घटनांचा अभ्यास करून तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. नुसत्या घटना मोजल्या तर साध्या सिरिंज सर्वांत पुढे होत्या. पण रुग्णालयाने कोणते साधन किती विकत घेतले होते, त्या संख्येने भागल्यावर चित्र पालटले. साध्या सिरिंजचा दर १ लाख नगांमागे ६.९ घटना इतका आला, तर सलाइनच्या नळीला जोडायच्या सुयांचा दर ३६.७ इतका आला. म्हणजे वापर जास्त म्हणून सिरिंजच्या घटना जास्त दिसत होत्या आणि रचनेतच धोका असलेले साधन भलतेच होते. पुढे याच गटाने घटना एकाच पद्धतीने नोंदवण्याची एपिनेट ही प्रणाली तयार केली आणि २००० साली तेथे सुरक्षित सुयांचा कायदा झाला. तुम्हाला भागाकारासाठी लागणारा आकडा तुमच्या औषध भांडाराच्या बिलांत आधीच पडून आहे. मात्र २५ खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच घटना होतील, म्हणून टक्केवारीच्या नादी न लागता दर महिन्याला प्रत्येक घटना सर्वांनी मिळून वाचावी, हे बरे. दोन घटना लागोपाठ सकाळी रक्त काढायच्या वेळेत झाल्या असतील, तर त्या वेळी किती हात कमी पडतात ते बघा.

दुसरे उदाहरण ओहॅसिस या प्रणालीचे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधक आणि दक्षिण आफ्रिकेतील त्यांचे सहकारी यांनी ती रुग्णालयांसाठी वापरात आणली आणि ब्लूमफाँटेन येथील पेलोनोमी रुग्णालयात तिच्यावर काम केले. घटनांची नोंद, कामाच्या जागेची पाहणी आणि कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची माहिती ही तिन्ही त्यात एकत्र ठेवता येतात. यातील मधली गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही. महिन्यातून एकदा एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक सफाई कर्मचारी यांनी मोबाइल घेऊन वॉर्डातून फिरावे आणि काठोकाठ भरलेला सुयांचा डबा, साबण नसलेले बेसिन, बंद पडलेला पंखा यांची छायाचित्रे त्याच तक्त्यात टाकावीत. भरलेला डबा कोणाच्या तरी बोटात घुसण्याआधीच दिसतो, हा त्याचा फायदा.

नोंद ऑनलाइन का, कागदावर का नको, असे तुमच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी विचारले, तर त्यांना २०१९ च्या ऑगस्टमधील महापुराची आठवण करून द्या. कृष्णेचे पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरची दप्तरे वर नेणे हे कोणाच्याही यादीत पहिले काम नव्हते, आणि नसायलाच हवे होते.

गुप्ततेबाबत कडक राहा. नावे असलेला तक्ता दोनच व्यक्तींना दिसावा आणि मासिक बैठकीत वाचायचा तक्ता नावांविना असावा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि रुग्णाची असो की कर्मचाऱ्याची, एचआयव्हीविषयीची माहिती जपणे त्या कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. रुग्णाची चाचणीही त्याच्या संमतीनेच करायची. रुग्णालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘अमुक सिस्टरना सुई लागली, रुग्ण पॉझिटिव्ह’ असा संदेश मी स्वतः पाहिला आहे. त्या सिस्टरनी दोन महिन्यांत नोकरी सोडली. तुमच्या गटात असे होऊ नये, यासाठी पहिल्याच दिवशी लेखी सूचना काढा. शेवटचे एक : जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी, हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस आणि अपघातांची नोंद तुम्हाला ठेवावीच लागते. तो तक्ता या कामीही येईल.

प्रश्न : मी सांगलीत एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. हिपॅटायटिस बी ची लस शिकत असताना घेतल्याचे आठवते, पण कागद सापडत नाही. नव्या ऑनलाइन नोंदीत ‘होय’ लिहू की ‘नाही’?

उत्तर : ‘नोंद उपलब्ध नाही’ असे लिहा आणि रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घ्या. ती १० (एकक mIU/mL) किंवा त्याहून अधिक असेल आणि आधीच्या मात्रा खरोखर झालेल्या असतील, तर तुम्ही सुरक्षित आहात. पातळी कमी आली तरी घाबरू नका, कारण बऱ्याच वर्षांनी ती खाली उतरते. एक मात्रा घेऊन एक ते दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. तेव्हाही पातळी कमीच असेल, तर उरलेल्या मात्रा पूर्ण करा. ज्यांची लस आता सुरू होत आहे त्यांच्यासाठी वेळापत्रक आज, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी असे आहे. या तारखांची आठवण मोबाइलच्या कॅलेंडरमध्येच लावून ठेवा, कारण तिसरी मात्रा विसरणारे लोक मी फार पाहिले आहेत. अहवालाचे छायाचित्र स्वतःच्या ई-मेलवर पाठवून ठेवा, म्हणजे नोकरी बदलली तरी तो तुमच्याबरोबर राहील.

प्रश्न : मी जत तालुक्यात आशा म्हणून काम करते. फोनमध्ये आधीच इतकी अ‍ॅप भरलेली आहेत की आता जागा नाही, आणि वस्तीवर रेंजही नसते. क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरी जावे लागते. माझ्या बचावासाठी एखादे अ‍ॅप आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या फोनवर आणखी एक अ‍ॅप लादावे असे मला वाटत नाही. क्षयरुग्णांच्या नोंदीचे निक्षय पोर्टल २०१२ पासून चालू आहे, पण ते रुग्णांसाठी आहे. तुम्हाला खोकला झाला तर ते कोणाला सांगणार नाही. म्हणून तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे एवढेच मागा : आशा आणि आरोग्यसेविका यांचा एक तक्ता केंद्राच्या संगणकावर असावा आणि मासिक बैठकीला आल्यावर प्रत्येकीला खोकला, ताप, वजनात घट आणि रात्रीचा घाम या चार गोष्टी विचारून त्यात भराव्यात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. आपण इतरांना हेच सांगतो आणि स्वतःच्या बाबतीत चालढकल करतो.

घरी गेल्यावर शक्यतो अंगणात किंवा ओट्यावर बसून बोला. रुग्णाला साधा मास्क लावायला सांगा आणि स्वतः एन-९५ वापरा. कापडी मास्क किंवा पदर क्षयाचे जंतू अडवत नाही. एन-९५ नीट बसला की नाही, हे शिकण्यासाठी एकदा केंद्राच्या सिस्टरना व्हिडिओ कॉल करा. दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाजवळून वारा डोळ्यांवर आला, तर वरची पट्टी पुन्हा दाबून बसवा. हे एकदा समोरासमोर दाखवून घेतले की पुढे रेंजची गरज पडत नाही.

प्रश्न : माझी आई साताऱ्यात एका मोठ्या रुग्णालयात ठेकेदाराकडून सफाईचे काम करते. लाल पिशवी उचलताना तिच्या पायाला सुई लागली. तिला वाचता येत नाही आणि तिच्याकडे साधा फोन आहे. ठेकेदार म्हणतो, ऑनलाइन नोंद ‘कायम’ कर्मचाऱ्यांसाठीच आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : हे बरोबर नाही, आणि तुम्ही विचारलेत हे फार चांगले केले. पत्र आले त्या दिवशीच तुम्हाला टपालाने उत्तर पाठवून तुमच्या आईंना लगेच अपघात कक्षात नेण्यास कळवले होते, आणि त्या तेथे गेल्या असतील अशी आशा करतो. एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम १९ नुसार आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने, जिला संसर्गाचा धोका आहे अशा तेथे काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला संरक्षणाची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि घटनेनंतरची औषधे द्यायची आहेत. पगार कोणाकडून होतो, यावर ते अवलंबून नाही. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याचा कचऱ्याचा नियमही कचरा हाताळणाऱ्या सर्वांना लागू आहे, आणि खरे तर त्याची सर्वाधिक गरज तुमच्या आईंसारख्यांनाच आहे. वॉर्डातल्या सिस्टरना निदान कोणत्या रुग्णाची सुई होती हे बहुधा माहीत असते. पिशवी उचलणाऱ्या मावशींना तेही कळत नाही.

वाचता येत नसेल तर नोंद आवाजाने होऊ शकते. पर्यवेक्षकांच्या किंवा वॉर्डातील सिस्टरच्या फोनवर आईंनी बोलून सांगायचे आणि सिस्टरनी ते फॉर्ममध्ये भरायचे, अशी लेखी सोय रुग्णालय एका दिवसात करू शकते. पिशवीवरचा बारकोडही महत्त्वाचा आहे. नियमांनुसार कचऱ्याच्या पिशव्यांवर बारकोड लावावा लागतो. तो वॉर्डनिहाय लावलेला असेल, तर त्यावरून पिशवी कोणत्या वॉर्डातून निघाली हे शोधता येते. लाल पिशवी नळ्या, सलाइनच्या बाटल्या आणि हातमोजे अशा प्लॅस्टिकसाठी असते. सुई पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यातच जायला हवी होती. ती लाल पिशवीत गेली, म्हणजे चूक वॉर्डात झाली. म्हणून नोंदीत ‘सफाई करताना’ एवढेच लिहून थांबू नका. पिशवीचा रंग, बारकोड आणि वॉर्ड हे तिन्ही लिहायला लावा.

आईंच्या पायात काय होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. कचरा उचलताना चप्पल चालत नाही. जाड तळव्याचे बंद बूट आणि जाड रबरी हातमोजे मागा, आणि ते मिळाल्याची तारीखही त्याच अर्जावर घ्या. अर्ज ठेकेदाराकडे न देता रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे लिहा, आवक विभागात देऊन त्यावर शिक्का व क्रमांक घ्या, आणि त्या पानाचे छायाचित्र तुमच्या फोनवर ठेवा. लशीची पहिली मात्रा झाली असेल, तर दुसरी एक महिन्याने आहे. आईंना साधा फोन पुरतो. त्या दिवशी सकाळी त्यांना आठवण करून देणारा फोन मात्र तुम्हीच करा.